अडीचशें माणसांचें घर

एखादा मनुष्य जरा विचित्र बोलला कीं आपल्या घरांत सहज उद्गार निघतो, "याला ठाण्याला पाठवा!" पुण्याकडे ठाण्याऐवजीं येरवड्याचें नांव घेतात. बोलणारा हसतो, ऐकणारा हसतो आणि विषय तेथेंच संपतो. परंतु या थट्टेंत आपण एक गोष्ट न कळत गृहीत धरलेली असते. बुद्धि फिरलेल्या माणसासाठीं गांवाबाहेर कोठें तरी एक मोठी इमारत असावयाची, आणि ती म्हणजे त्याला नेऊन टाकण्याची जागा! उंच भिंत, लोखंडी गज, लांबलचक अंधारी पडवी, हें चित्र आपल्या मनांत इतकें पक्कें बसलें आहे, कीं अशा इमारतीचा कोणी निराळा विचार केला असेल, अशी शंकाही आपणांस येत नाहीं.

असा निराळा विचार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत झाला होता. कांहीं डॉक्टरांनीं असें ठरविलें, कीं मनाच्या रोगावर इमारत हेंच एक मोठें औषध आहे. खोली किती लांब-रुंद असावी, खिडकी कोठें असावी, एका छपराखालीं किती माणसें राहावींत, या गोष्टी त्यांनीं वैद्य औषधाची मात्रा ज्या काळजीनें ठरवितो त्या काळजीनें ठरविल्या. तें घर कसें रचलें, त्याचा खरा पाया कोठें होता, आणि भिंती शाबूत असतांनाही तें कसें कोसळलें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

त्यापूर्वीं अशा रोग्यांची सोय काय होती, हें प्रथम पाहूं. लंडनचें बेथलेम इस्पितळ युरोपांत सर्वश्रुत होतें. गोंधळ-गोंगाटाला इंग्रजींत 'बेडलम' म्हणतात, तें त्याच नांवाचें अपभ्रष्ट रूप. १६७६ सालीं त्याची नवी इमारत उभी राहिली. तिचा आराखडा रॉबर्ट हूक या विख्यात शास्त्रज्ञानें केला होता. दर्शनी बाजू राजवाड्यासारखी आणि फाटकावर विषाद व उन्माद यांचे दोन दगडी पुतळे. आंत मात्र साखळदंड होते. आपण राणीच्या बागेंत जनावरें पाहावयास जातों, तसे लंडनचे लोक तेथें पैसे टाकून वेडे पाहावयास जात, आणि हा प्रकार १७७० सालापर्यंत चालू होता. शहराच्या जुन्या खंदकाजवळ कच्च्या भरावावर बांधल्यामुळें त्या राजवाड्याच्या भिंतींना पुढें भेगा पडल्या. बाहेरून शोभा, आंतून साखळी आणि खालीं पोकळ जमीन!

या अंधारांत पहिला दिवा लागला तो यॉर्क शहरीं. क्वेकर पंथाची एक विधवा १७९० सालीं तेथील जुन्या वेड्यांच्या इस्पितळांत मरण पावली; तिला भेटावयास गेलेल्या मंडळींना आंत सोडण्यांत आलें नव्हतें. ही गोष्ट विल्यम ट्यूक नांवाच्या चहाच्या व्यापाऱ्याच्या मनाला लागली. त्याच्या खटपटीनें १७९६ सालीं 'रिट्रीट' नांवाचें एक लहानसें आश्रयस्थान उघडलें. साखळदंडांऐवजीं सौम्य वागणूक, ठराविक दिनक्रम, बागकाम आणि संभाषण हे तेथले उपचार होते. इंग्रजींत या पद्धतीला 'मॉरल ट्रीटमेंट' म्हणत; येथें 'मॉरल' याचा अर्थ नीतीविषयीं असा नसून मनाविषयीं असा घ्यावयाचा. रिट्रीटच्या खिडक्यांना गज नव्हते. काचांच्या चौकटीच लोखंडाच्या करून त्यांना लाकडाचें रूप दिलें होतें. माणूस बाहेर पडूं नये ही काळजी होतीच; परंतु आपण कोंडलेले आहों, असें त्याला क्षणोक्षणीं वाटूं नये, ही काळजीही तितकीच होती. पुढचा सारा इतिहास या एका चौकटींत बीजरूपानें आहे.

अमेरिकेंत त्या वेळची स्थिति फार शोचनीय होती. १८४१ च्या मार्च महिन्यांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगांत, स्त्री-कैद्यांना रविवारचा धर्मपाठ देण्यासाठीं डोरोथिया डिक्स नांवाच्या एक शिक्षिका गेल्या. गुन्हेगार स्त्रियांच्या सोबत कांहीं वेड्या स्त्रियाही तेथें कोंडलेल्या त्यांना आढळल्या. दिवस थंडीचे असून खोलींत शेगडी नव्हती. डिक्सबाई घरीं परतल्या त्या स्वस्थ बसण्यासाठीं नव्हे. त्यांनीं पुढें सारें राज्य पालथें घातलें, तुरुंग आणि निराधारांचीं घरें एकेक करून पाहिलीं, आणि पिंजऱ्यांत, तळघरांत व गोठ्यांत बांधून ठेवलेल्या माणसांची हकीकत टिपून घेतली. १८४३ सालीं हा वृत्तान्त विधिमंडळापुढें गेला. स्त्रीनें तेथें स्वतः बोलण्याची त्या काळीं सोय नव्हती, म्हणून तो डॉ. सॅम्युएल हौ यांनीं मांडला. त्यानंतर बाई एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत हिंडत राहिल्या. न्यू जर्सींत त्यांनीं १८४५ सालीं अर्ज केला आणि १८४८ सालीं ट्रेंटन येथें नवें इस्पितळ उघडलें. या इस्पितळाशीं आपली पुन्हां गांठ पडणार आहे.

राज्यें पैसा देऊं लागलीं, तेव्हां प्रश्न उभा राहिला कीं बांधावयाचें काय? उत्तर तयार होतें डॉ. टॉमस कर्कब्राइड यांच्यापाशीं. १८०९ सालीं जन्मलेले हे गृहस्थही क्वेकर पंथाचेच. फिलाडेल्फियाच्या बाहेर उघडलेल्या पेनसिल्व्हेनिया इस्पितळाच्या नव्या शाखेचे ते १८४१ सालीं प्रमुख झाले आणि १८८३ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षें, त्या एकाच जागीं राहिले. १८४४ सालीं अशा इस्पितळांचे तेरा प्रमुख फिलाडेल्फियास जमले व त्यांनीं एक संघ स्थापन केला. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांची आजची मुख्य संस्था ती हीच. या संघानें १८५१ सालीं इस्पितळाच्या बांधणीविषयीं सव्वीस नियम मंजूर केले. त्यांच्यामागें मुख्य हात कर्कब्राइड यांचा होता, आणि १८५४ सालीं त्यांनीं याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

आतां आपण मनांतल्या मनांत त्या घराचा नकाशा काढूं. मध्यभागीं एक उंच इमारत काढा. तींत कचेरी, भेटीच्या खोल्या, प्रार्थनेची जागा आणि प्रमुख वैद्याचें बिऱ्हाड. तिच्या डाव्या व उजव्या हातास एकेक लांबट इमारत जोडा; एकीकडे पुरुष, दुसरीकडे स्त्रिया. या लांबट भागाला आपण आपल्या वाड्यांतला शब्द घेऊन सोपा म्हणूं. पहिल्या सोप्याच्या टोकाला दुसरा सोपा जोडतांना तो सरळ रेषेंत न जोडतां थोडा मागें सरकवून जोडा. त्याच्या टोकाला तिसरा, आणखी मागें. दोन्ही बाजू पुऱ्या झाल्या, कीं आकाशांत उडणाऱ्या पक्ष्यांच्या थव्याचा जसा बाण दिसतो तसा आकार कागदावर उमटेल.

मागें सरकविण्याची ही खटपट कशासाठीं? आपल्या चौसोपी वाड्यांत चार सोपे चौकाभोंवतीं बसलेले असतात. उजेड चौकांतून येतो आणि घरांतलीं माणसें एकमेकांच्या नजरेसमोर असतात. कुटुंबाला तें सोयीचें आणि सुखाचें. परंतु चौकापलीकडच्या सोप्यांत रात्रंदिवस आक्रोश करणारा रोगी असला तर? कर्कब्राइड यांनीं चौकच टाळला. सोपे मागें सरकविल्यामुळें प्रत्येकाचीं टोकें मोकळीं राहिलीं. मधल्या पडवीच्या टोकालाही खिडकी ठेवतां आली, वारा आरपार खेळूं लागला, आणि खिडकींतून पाहणाऱ्याच्या नजरेस दुसऱ्याच्या दुःखाऐवजीं बाग आणि शेत पडूं लागलें.

रोग्यांची वांटणीही याच नकाशांत बसविली होती. शांत झालेले रोगी मध्यभागाच्या जवळच्या सोप्यांत, अतिशय प्रक्षुब्ध असलेले अगदीं टोकाच्या सोप्यांत. रोगी जसजसा सुधारेल तसतसा तो मध्यभागाकडे सरकावयाचा, आणि मध्यभागीं काय होतें? घराबाहेर जाण्याचा मुख्य दरवाजा! पंचांग न पाहतांही आपण घरच्या वाटेवर किती आलों, हें त्याला कळावें, अशी ही योजना होती.

ते सव्वीस नियम वाचतांना एखाद्या दक्ष गृहिणीनें घर लावावें तशी त्यांतली बारकाई दिसते. इस्पितळ मोठ्या शहरापासून निदान दोन मैल दूर असावें, पण कोणत्याही ऋतूंत तेथें सहज जातां यावें. दोनशें रोग्यांच्या सरकारी इस्पितळाला निदान शंभर एकर जमीन असावी. रोज दहा हजार गॅलन पाणी इमारतीच्या सर्वांत उंच भागापर्यंत चढविण्याची सोय असावी. रोग्यांसाठीं जमिनीखालीं एकही खोली नसावी. एका माणसाची खोली आठ फूट बाय दहा फूट याहून लहान नसावी आणि तिची उंची निदान बारा फूट असावी. बाहेरच्या हवेंत उघडणारी खिडकी नाहीं अशी खोली मुळीं बांधूंच नये. जिने दगडाचे किंवा लोखंडाचे असावेत, म्हणजे आग लागली तर वाट बंद होणार नाहीं. प्रत्येक विभागाला स्वतःची बैठकीची खोली, जेवणघर, न्हाणीघर आणि शौचकूप असावें. अन्न वर आणणारा पाळणा असावा, आणि मुदपाकखान्याशीं बोलण्यासाठीं नळी असावी. उष्ण वाफेच्या किंवा पाण्याच्या नळांवरून ताजी हवा नेऊन तीच खोल्यांत सोडावी. आणि शेवटचा नियम असा, कीं बागेभोंवतीं भक्कम भिंत असावी, परंतु ती अशा बेतानें घालावी कीं इमारतींतून ती डोळ्यांना खुपूं नये.

यॉर्कच्या खिडकीची चौकट येथें भिंतीच्या रूपानें पुन्हां भेटते. घराला कुलूप होतें, हें नाकारतां येणार नाहीं. आंतल्या माणसाला आपल्या इच्छेनें बाहेर पडतां येत नव्हतें. किंबहुना सुटून गेलेल्या एका रोग्यानें १८४९ सालीं खुद्द कर्कब्राइड यांच्यावर गोळी झाडली. ते थोडक्यांत बचावले. परंतु कुलूप लावलेल्या माणसाचाही मान राखतां येतो, अशी या नियमांची श्रद्धा होती. कर्कब्राइड यांच्या इस्पितळांत संध्याकाळीं जादूच्या कंदिलाच्या साहाय्यानें पडद्यावर चित्रें दाखवीत, व्याख्यानें होत, वाचनालय होतें, बागा होत्या. हें इस्पितळ धर्मादाय असलें तरी तेथें पैसे भरणारे रोगी पुष्कळ असत. शहरांतल्या अगदीं निर्धन रोग्यांच्या वांट्याला ब्लॉकलीचें निराधारगृह येई. ही उणीव सांगितल्यावांचून चित्र पुरें होणार नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. सव्वीस नियमांत एक नियम संख्येचा होता. एका इमारतींत योग्य रीतीनें उपचार करतां येतील असे रोगी जास्तींत जास्त अडीचशें. दोनशें असतील तर अधिक चांगलें. हा आंकडा कोठून आला? प्रमुख वैद्यानें प्रत्येक रोग्याला नांवानें ओळखावें, त्याची हकीकत ठाऊक असावी आणि रोज त्याची विचारपूस व्हावी, या अपेक्षेंतून. आणखी एका नियमाप्रमाणें स्त्रियांचे आठ व पुरुषांचे आठ असे निदान सोळा वर्ग वेगवेगळे ठेवावयाचे होते. अडीचशेंना सोळांनीं भागा. एका वर्गांत पंधरा-सोळा माणसें येतात. आपल्याकडच्या जुन्या एकत्र कुटुंबांत एका पंगतीला एवढींच माणसें बसत! एवढ्या माणसांत कोण जेवला नाहीं, कोण आज गप्प आहे, कोणाच्या डोळ्यांत पाणी आहे, हें वाढणाऱ्याच्या ध्यानांत येतें. घराचा खरा पाया दगडांत नव्हता. तो या भागाकारांत होता.

तो पाया कसा ढळला, तें पाहा. नवीन रोग वेळीं उपचाराला आणला तर बहुतेक रोगी बरे होतात, असें या पिढीचे डॉक्टर मोठ्या आत्मविश्वासानें सांगत, आणि या भरंवशावर विधिमंडळें पैसा देत. रोगी आले, परंतु सगळे बरे होऊन गेले नाहींत. कोणी वृद्धापकाळानें बुद्धि गमावलेला, कोणी मेंदूच्या असाध्य विकारानें ग्रासलेला. असे रोगी राहिले ते कायमचे, आणि दाराशीं नवे उभेच होते. तेव्हां याच संघानें १८६६ सालीं आपली मर्यादा अडीचशेंवरून सहाशेंवर नेली. सहाशेंना त्याच सोळांनीं भागलें, तर एका वर्गांत सदतीस-अडतीस. पंगत मोडली आणि तिची खानावळ झाली.

पुढें १८७७ सालीं प्लिनी अर्ल या त्यांच्याच एका सहकाऱ्यानें बऱ्या झालेल्यांचे आंकडे तपासून दाखविले, कीं एकच रोगी अनेक वेळां बरा होऊन गेला व परत आला, तरी त्याची दर वेळीं नव्यानें गणना झाली होती. आशेचा फुगा फुटला. सरकारच्या मनांत बरें करण्याची उमेद मावळली आणि स्वस्तांत सांभाळण्याची गरज तेवढी उरली. न्यूयॉर्क राज्यानें १८९० सालीं अशा रोग्यांचा भार जिल्ह्यांकडून स्वतःकडे घेतला. हेतु चांगला होता. परंतु खर्च आपल्या अंगावर पडत नाहीं, असें दिसतांच, जिल्ह्यांनीं निराधारगृहांतलीं म्हातारीं माणसेंही इस्पितळांत धाडण्यास सुरुवात केली. घराला 'आतां जागा नाहीं' असें म्हणतां येत नाहीं. तें म्हणावयाचें माणसांनीं.

याचा परिणाम एका उदाहरणानें सांगतों. वेस्ट व्हर्जिनियांतील वेस्टन येथें घडीव दगडाचें एक प्रचंड इस्पितळ आहे. त्याचें काम १८५८ सालीं सुरू झालें, १८६४ सालीं रोगी येऊं लागले आणि १८८१ सालीं तें पुरें झालें. योजना अडीचशें रोग्यांची. १९५० नंतरच्या दशकांत तेथें सुमारें चोवीसशें माणसें होतीं. न्यू जर्सींत १८७६ सालीं उघडलेल्या ग्रेस्टोनच्या इस्पितळांत १९५३ सालीं साडेसात हजारांहून अधिक रोगी होते. अशा वेळीं नकाशाचें काय होतें, याची कल्पना करा. एकाच्या खोलींत दुसरी खाट, मग तिसरी. बैठकीच्या खोलींत खाटा, पडवींत खाटा. शांत आणि प्रक्षुब्ध यांची वांटणी संपली. दाराकडे सरकण्याचा तो मार्ग गर्दींत बुजून गेला. खिडकी तीच, बाग तीच, वाराही तोच; परंतु खिडकीपर्यंत पोंचण्यास जागा नव्हती. आपल्या मनांत जें भयाण चित्र बसलें आहे, तें याच गर्दीचें आहे.

सगळा दोष गर्दीवर ढकलतां येणार नाहीं. मूळ श्रद्धेंतही भाबडेपणा होता. उजेड, वारा आणि शिस्त यांनीं मनाचे तीव्र विकार मुळांतून जात नाहींत, हें आज आपणांस ठाऊक आहे. त्या काळींही एकाच भव्य इमारतीऐवजीं लहान लहान घरें बांधावींत, असें म्हणणारे लोक होते, आणि १८७० नंतर इलिनॉय राज्यांत कँककी येथें तशी वसाहत उभारण्यासही प्रारंभ झाला. १९५५ सालीं अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपांच लाखांहून अधिक माणसें होतीं. त्याच सुमारास नवीं औषधें आलीं आणि पुढें हीं इस्पितळें भराभर रिकामीं झालीं. कित्येक रोग्यांना मोकळीक मिळाली. कित्येकांना मात्र त्या मोकळ्या जगांत घर मिळालें नाहीं. इमारतींचें नशीब निरनिराळें झालें. ग्रेस्टोनची मुख्य इमारत २०१५ सालीं पाडून टाकली. बफेलो येथील १८८० सालीं उघडलेल्या इस्पितळाची वास्तु रिचर्डसन या नामांकित स्थपतीची, आणि बाग आखली होती ओल्मस्टेड व त्यांच्या सहकाऱ्यानें. त्या वास्तूच्या मध्यभागांत २०१७ सालीं हॉटेल उघडलें. जो मध्यभाग एके काळीं सुटकेचा दरवाजा होता, तेथें प्रवासी उतरूं लागले.

दोन माणसांच्या अखेरीची हकीकत सांगून हें भाषण संपवितों. मॅसॅच्युसेट्समधील मॅकलीन इस्पितळाच्या नव्या जागेबद्दल ओल्मस्टेड यांचा सल्ला घेण्यांत आला होता. वृद्धपणीं त्यांची बुद्धि ढळली, तेव्हां त्यांना त्याच इस्पितळांत ठेवावें लागलें, आणि १९०३ सालीं ते तेथेंच वारले. दुसरी हकीकत डिक्सबाईंची. जन्मभर इतरांसाठीं घरें मागत हिंडलेल्या या बाईंना स्वतःचें घर नव्हतें. शरीर थकल्यावर, १८८१ सालीं, त्या ट्रेंटनच्या इस्पितळांत पाहुण्या म्हणून राहावयास आल्या. हें इस्पितळ कर्कब्राइड यांच्या कल्पनेप्रमाणें प्रथमच उभें राहिलेलें, आणि त्याला त्या आपलें पहिलें अपत्य म्हणत. त्यांना मध्यभागांत खोल्या दिल्या होत्या. सहा वर्षें तेथें राहून १८८७ सालीं त्यांनीं तेथेंच देह ठेवला.

इस्पितळ असो, वृद्धाश्रम असो, विद्यार्थ्यांचें वसतिगृह असो, त्याचा नकाशा कागदावर येतो तेव्हां आपण दगडाचा, विटांचा आणि खर्चाचा हिशेब करतों. त्याच वेळीं आणखी एक हिशेब करावा. या घरांत माणसें किती असतील, त्यांना नांवानें ओळखणारा कोणी असेल काय, आणि म्हातारपणीं आपणांस तेथें राहण्याची वेळ आली, तर आपण सुखानें राहूं काय? यापुढें घरांत कोणी थट्टेनें ठाण्याचें किंवा येरवड्याचें नांव घेतलें, तर हसण्यापूर्वीं अडीचशेंचा तो भागाकार एकदां मनांत करून पाहावा, एवढीच विनंति.